बुक्क्याची अंडी

कसबा बावड्यात पिराजी चौगुलेचं नाव निघालं की लोकांना आधी अंडी आठवायची आणि मग कीर्तन. घरामागं साखर कारखान्याच्या अंगाला उतरत गेलेलं थोडं पडीक रान होतं, तिथं त्याची गावठी कोंबड्यांची खुराडी होती. कुणाकडं खुडूक कोंबडी अंड्यांवर नीट बसेनाशी झाली की माणसं टोपली घेऊन त्याच्या दारात यायची. पिराजी एकेक अंडं बॅटरीच्या उजेडापुढं धरून सांगायचा, ह्यात जीव हाय, ह्यात न्हाय. त्याचं चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अंडी रोज सकाळ-संध्याकाळ पालथी करायची, नाहीतर आतला जीव एका अंगाला चिकटतो, हे त्याला आईनं शिकवलं होतं. खुद्द कोंबडीसुद्धा चोचीनं तेच करते. पुढं सगळं घडलं ते एवढ्याच एका शिकवणीपायी.

कीर्तनाचं वेड मात्र त्याचं स्वतःचं. एकादशीला सायकल मारत मंगळवार पेठेतल्या विठ्ठल मंदिरात यायचा, कपाळावर बुक्क्याचं बोट ओढून खांबाशेजारी बसायचा. नरहरबुवांचं कीर्तन असलं तर विचारायलाच नको. बुवा पूर्वरंगात हळूहळू चढत जायचे, पेटीवाल्याकडं न बघता सूर उचलायचे, आणि उत्तररंगात आख्यान लावलं की समोरच्या शे-दीडशे माणसांचा श्वास एक व्हायचा. झांज थांबायची, बुवा खालच्या आवाजात एकच ओळ म्हणायचे, आणि पिराजीच्या डोळ्यांना धार लागायची. त्याची बायको बाळाबाई म्हणायची, "घरात कोंबडी मेली तर हसता, आन् तिथं जाऊन कुणासाठी रडता वो?" पिराजी म्हणायचा, तुला नाही कळायचं. तिला खरंच कळत नव्हतं, आणि तिचं काही अडतही नव्हतं.

त्याच कीर्तनात गणपतराव यायचे. पेठेतलेच, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. दहा-पंधरा उत्साही माणसांचं एक निसर्ग मंडळ चालवायचे. दोन हजार तीन सालच्या हिवाळ्यात त्यांनी पिराजीला मंदिराच्या पायरीवर गाठलं आणि त्यांच्या डोक्यात दोन वर्षं घोळत असलेलं काम सांगितलं.

घाटाखाली वेंगुर्ल्याच्या अलीकडं सुरूवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या वाळूत थंडीच्या दिवसांत समुद्रातनं कासवं अंडी घालायला वर येतात. खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटतात आणि मागं वळून न बघता पाण्यात जातात. सकाळी गाव ती अंडी उकरून बाजारात विकायचं. हे थांबावं म्हणून गणपतरावांनी दोन वर्षं गावाच्या मिनत्या केल्या होत्या, आणि शेवटी रवळनाथाच्या देवळात ठराव झाला होता. एक हंगाम कुणी अंड्याला हात लावायचा नाही. पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली तर बंदी कायमची. पिल्लं आली नाहीत, तर पुढल्या वर्षापासून ज्यानं त्यानं आपली टोपली घ्यावी, मंडळानं पुन्हा गावात पाऊल ठेवू नये.

"तीन महिन्यांचा प्रश्न आहे, पिराजी," गणपतराव म्हणाले. "अंड्यातलं तुझ्याएवढं कुणाला कळतंय?"

पिराजीला हे देवाचंच बोलावणं वाटलं. कोंबड्या बाळाबाईच्या गळ्यात घालून तो निघाला. निघताना मास्तरांनी त्याला सगळं समजावलं होतं: पहाटे माग काढायचा, उन्हं यायच्या आत अंडी उचलायची, कुंपण घातलेल्या जागेत तेवढाच खोल खड्डा करून ठेवायची, वाळूनं झाकायची, पन्नास दिवस राखण करायची. मास्तरांनी पुस्तकं पुष्कळ वाचली होती, पण जन्मात कधी कोंबडी पाळली नव्हती. त्यामुळं झाकलेली अंडी कुणी रोज उकरून पालथी करील हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि पिराजीनं जन्मभर कोंबड्या पाळल्या होत्या, म्हणून करायची नाहीत का हे विचारावं असं त्याच्या मनात आलं नाही.

*

राधानगरीचं भरलेलं धरण पाहून पिराजीला आजवर वाटायचं, समुद्र म्हणजे याच्या दुप्पट-तिप्पट असेल. आंबोलीचा घाट उतरून, एसटी बदलून तो सुरूच्या बनातनं बाहेर आला आणि पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. पलीकडचा काठच नव्हता. त्यानं चप्पल काढली आणि पाण्याला नमस्कार केला. रापणीचं जाळं ओढणारी माणसं त्याच्याकडं बघून हसली.

पौषातला समुद्र गरीब गाईसारखा असतो. पहाटे डोंगराकडनं गार वारा सुटायचा, लाटा गुडघ्याएवढ्याच. उत्तरेकडनं आलेले पांढरे कुरव पक्षी ओळीनं ओल्या वाळूवर बसायचे, खेकडे बिळातनं डोळे वर काढायचे, आणि दुपार झाली की वारा उलटा फिरून पाण्यावर सुरकुत्या पाडायचा. बनाच्या मागं काजूला मोहोर आला होता, त्याचा आंबूस वास सकाळी खाली उतरायचा. बांगड्याचे दिवस होते. दोन्हीकडनं दोर ओढत रापण काठाला आली की सगळ्या गावाचा तिथं मेळा, आणि दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. पिराजीनंही दोनदा दोर धरला. त्याला मिळालेले बांगडे त्यानं शेजारच्या म्हातारीला देऊन टाकले. माळकरी होता तो, अंडी उबवायचा, खायचा नाही.

पहिला माग त्याला चौथ्या पहाटे दिसला. ट्रॅक्टरचं चाक पाण्यातनं वर आलं आणि परत गेलं असावं तसा. पिराजीनं वाळू उपसली. आत पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी, मऊ कवचाची गोल अंडी. एकशेबारा. त्यानं ती कुंपणात नेली. माडाच्या झापांचा कूड आणि वर जाळं, अशी ती जागा होती. खड्ड्यात ठेवताना त्याला अडचण आली. कोंबडीच्या अंड्याला बूड असतं, शेंडा असतो. ह्या चेंडूची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, उद्या कसं कळायचं? मग त्याला सुचलं. कंबरेच्या पिशवीतली बुक्क्याची पुडी त्यानं काढली आणि प्रत्येक अंड्याला एकेक बोट लावलं. सकाळी बुक्का वर, संध्याकाळी बुक्का खाली. एकशेबारा काळे टिळे लावलेली ती अंडी खड्ड्यात बसली तेव्हा त्याला ती एकादशीच्या कीर्तनाला दाटीनं बसलेल्या माणसांसारखी दिसली.

माघ लागेपर्यंत असे पाच खड्डे झाले. साडेपाचशेच्यावर अंडी. रोज पहाटे आणि दिवस मावळताना पिराजी गुडघे टेकून एकेक खड्डा उकरायचा, नाव घेत एकेक अंडं उचलायचा, फिरवायचा, पुसट झालेला बुक्का पुन्हा लावायचा, झाकायचा. दोन-दोन तास जायचे. त्याची पाठ धरायची, नखांत वाळू जाऊन बोटं चिघळली. एवढ्या मायेनं त्यानं पोटच्या पोरांचंही कधी केलं नव्हतं.

*

धोंडुबाई त्याच्या दृष्टीला पडली ती पहिल्याच आठवड्यात. बनाच्या कडेला एकटीच राहणारी विधवा बाई, साठीला आलेली. सुकी मासळी विकायची आणि थंडीत अंडी. अंडी सगळं गाव काढायचं, पण वाळूत माडाच्या चुडताची काडी खुपसून खड्डा नेमका शोधावा तो तिनंच. ठरावाच्या बैठकीला बायकांना बोलावलंच नव्हतं, त्यामुळं ठराव तिच्या कानावर उडत उडत आला होता आणि तिनं तो उडत उडतच सोडून दिला होता. पिराजीनं तिला टोपलीसकट पकडलं. चाळीसेक अंडी होती. ती त्यानं काढून घेतली, आणि तिच्याबद्दलचा राग मनात ठेवला.

माघातल्या शुद्ध पक्षात गावात सप्ताह बसला. पिराजीनं खटपट करून शेवटच्या दिवसाला कोल्हापूरहून नरहरबुवांना आणलं. रवळनाथाच्या मंडपात तो दिवस असा रंगला की तिथल्या म्हाताऱ्यांनाही पूर्वीचं असं कीर्तन आठवेना. बुवांनी विषय घेतला जीवदयेचा. मुंगीपासून सुरू केलं आणि चढत चढत अशा ठिकाणी नेलं की मागं समुद्राची गाजसुद्धा टाळाच्या ठेक्यात आल्यासारखी वाटली. पिराजी हुंदके देत होता. त्या भरात तो उठला, बुवांच्या कानाशी गेला आणि बायकांच्या बाजूला कडेला बसलेल्या धोंडुबाईकडं त्यानं बोट दाखवलं.

बुवांनी तिला पुढं बोलावलं. मोठ्या गोडीनं बोलावलं. सगळ्या गावादेखत विचारलं, की बाई, आईच्या माघारी तिची लेकरं टोपलीत घालताना तुमचा हात कसा हो कापत नाही?

धोंडुबाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मी सगळी नाय काढणंय, बुवानू. वरची काढतंय. तळची ठेवतंय, ती हलवणंय नाय. तेतूरची पोरां येतत भायर. माजी सासू पण तसांच करी."

मंडपात हशा पिकला. वर्षानुवर्षं तिच्याबरोबर अंडी विकलेले लोक सगळ्यात मोठ्यानं हसले. बुवांनीही तो हशा अलगद झेलला. म्हणाले, म्हणजे घरातली भांडी नेली, पण जड होता म्हणून पाटा ठेवला, असा हा चोर मोठा दयाळू. पुन्हा हशा. मग बुवा गंभीर झाले आणि त्यांनी तिला देवापुढं नाक घासून शपथ घ्यायला लावली. ती वाकली. फरशीवर नाक घासलं. उठताना तिला उठवेना, तर कुणी हात दिला नाही. टाळ कडाडले, जयजयकार झाला, आणि पिराजीच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. एका जीवाचा उद्धार आपल्या हातून झाला असं त्याला मनापासून वाटत होतं.

*

चार दिवसांनी पहाटे तो खड्डा उकरून बसला होता, तर कुडाच्या फटीतनं कुणीतरी बघत होतं. धोंडुबाई. चुडतं गोळा करायला आली होती. डोक्यावरचा भारा तिनं खाली टाकला.

"ह्यां काय करतंस रे?"

पिराजीनं मान वर केली नाही. अंडी फिरवतो, म्हणाला.

"हलवू नको. मरतली ती. एकदा वाळूत बसली काय हलवूची नसतत."

"कालपातूर इकून खाल्लीस न्हवं? आन् आता मला शिकवतीस व्हय?" पिराजी म्हणाला. "तीस वर्सं हेच करतोय मी. चालती हो."

ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. या वेळी कुडाचं झाप बाजूला सारून आतच आली आणि उकरलेल्या खड्ड्यावर दोन्ही हात पसरून बसली, कुणी ताटावरचं कुत्रं हाकलावं तसं त्याला हाकलायला लागली. म्हणत होती, माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ, ह्यांच्यावर का काढतोस. पिराजीचा तोल गेला. चोरीला मुकलेली बाई, तिला राखण मोडायची आहे, एवढंच त्याला दिसलं. त्यानं मूठभर वाळू उचलली आणि तिच्या तोंडावर फेकली. जवळून. ती डोळा धरून कुडाबाहेर गेली, आणि बराच वेळ सुरूच्या बुंध्याशी वाकून उभी होती.

त्यानंतर ती बोलली नाही. पण रोज पहाटे यायची आणि त्याच बुंध्याला टेकून कुडाकडं बघत बसायची. एक डोळा लाल, सारखा गळणारा. होडीवर जाणारे लोक तिला बघायचे. गुंडू तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या आणि गावात ज्याचा शब्द चालायचा तो, त्यानं एकदा पिराजीला विचारलंही, की ही म्हातारी इथं रोज काय करते? पिराजी म्हणाला, नजर लावून बसली हाय.

*

फाल्गुन आला. सुरंगी फुलली आणि गावातल्या बायकांच्या डोक्यांना तिचा दाट वास यायला लागला. शिमग्याचे ढोल वाजले, नाचत-गात रोंबाट निघून गेलं. वाळू दुपारी पाय ठेवू देईना. पाहुणे कुरव एका सकाळी उठून उत्तरेला निघून गेले, आणि समुद्राचा रंग जड झाला. पिराजी दिवस मोजत होता. पंचेचाळीस. पन्नास. रात्रभर कुडात पडून तो वाळूला कान लावायचा. मास्तरांनी सांगितलं होतं, पिल्लं निघायच्या आधी वरची वाळू खाली बसते. पंचावन्न. वाळू होती तशीच होती. साठाव्या दिवशी पहिल्या खड्ड्यावर मुंग्यांची रांग लागली.

त्यानं खड्डा उकरला. देवाच्या अंड्यांवर शंका कशाला, म्हणून आजवर न लावलेली बॅटरी पेटवली आणि एक अंडं उचलून उजेडापुढं धरलं. हा त्याचा धंदा होता, ह्यात तो चुकत नव्हता. दुसरं धरलं. तिसरं. सकाळपर्यंत त्यानं पाचही खड्ड्यांतली अंडी एकामागून एक उजेडापुढं धरली. कुठं नुसता पिवळा गढूळपणा, कुठं एका बाजूला वाटाण्याएवढा काळा ठिपका, चिकटून बसू पाहणारा आणि सुटलेला. कोंबडीच्या पिल्लाचं चिकटणं म्हणजे मरण. ह्यांचं चिकटणं म्हणजेच जगणं होतं, आणि त्यानं त्यांना दिवसातनं दोनदा, दोन महिने, नाव घेत घेत सोडवलं होतं.

त्या दिवशी त्यानं कपाळाला बुक्का लावला नाही. उरलेली पुडी समुद्रात टाकली. कुडाबाहेर आला तर बुंध्याशी धोंडुबाई होती. पिराजी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती वर बघून म्हणाली, "मेली?" ती पदर झाडून उठली आणि निघून गेली.

*

निरोप गेला तसे गणपतराव तिसऱ्या दिवशी आले. गाव किनाऱ्यावर जमलं. ठरावाप्रमाणं सगळ्यांदेखत खड्डे उघडायचे होते. सकाळी नऊची वेळ, वारा पडलेला, आणि घाण अशी की बायकांनी पदर नाकाला लावले.

गुंडू तांडेलनं पहिला खड्डा उपसला. सुरकुतलेली, पिवळी पडलेली अंडी वर आली. आणि प्रत्येकावर, दमटपणानं पसरलेला, बुरसटलेला एकेक काळा डाग.

दुसरा खड्डा, तिसरा. सगळ्या अंड्यांवर तोच डाग.

"करणी," मागनं कुणीतरी म्हणालं.

गणपतराव उकिडवे बसले. एक अंडं त्यांनी बोटानं पुसलं, बोट नाकाशी नेलं. त्या कुजक्या वासातही बुक्क्याचा वास त्यांना ओळखता आला, कारण तो त्यांना दर एकादशीचा ओळखीचा होता. त्यांनी मान वर करून पिराजीकडं पाहिलं. त्याच्या कोऱ्या कपाळाकडं पाहिलं. सगळं त्यांना त्या एका नजरेत कळलं. मग ते हात झाडत उठले, त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि ओठ न हलवता म्हणाले, "पिराजी, गप ऱ्हा. आपल्या हातनं मेली म्हटलं तर ठराव आजच मोडतोय. दुसऱ्या कुणी मारली असली तर पुढलं साल मिळतंय. हजारो जीवांचा सवाल हाय."

तोवर कुणीतरी धोंडुबाईला हाताला धरून आणलंच होतं. रोज पहाटे ही कुडाशी बसायची, हे दहा जणांनी पाहिलं होतं. नाक घासायला लावल्याचा राग तिच्या मनात होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आता आणखी काय हवं होतं? बायका तिच्यापासून दोन हात लांब सरकल्या. एकानं तिच्या पायाशी थुंकलं.

"माका कित्याक इचारतास?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याका इचारा. त्याचां तेका म्हायत हां."

गुंडू तांडेल वळला. त्याला पिराजीबद्दल आदर होता. दोन महिने ह्या घाटावरच्या माणसाला त्यानं वाळूत राबताना पाहिलं होतं. "पावणो," तो म्हणाला, "देवाक स्मरान काय तां खरां सांगा. ह्यां काळां कोणी लायलां?"

पिराजीच्या जिभेवर शब्द आला होता. माझा बुक्का हाय. तीनच शब्द. त्यानं ते म्हणायला तोंड उघडलंही. समोर अख्खं गाव होतं, गुंडू होता, मास्तर होते, आणि ती होती, एका डोळ्यातनं पाणी गळत असलेली, त्याच्याकडं टक लावून बघणारी. तिच्या बघण्यात विनवणी असती तर कदाचित तो बोलला असता. पण तिथं विनवणी नव्हती. हा काय बोलणार हे तिला माहीत असल्यासारखी ती बघत होती, आणि त्याच बघण्याची त्याला चीड आली.

"मला न्हाय ठावं," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण गुंडू अजून त्याच्याकडंच बघत होता. "ही बाई रोज फाटेचं कुडाशी बसायची, एवढं मी बघितलंय. एकदा आत शिरून खड्ड्यावर हात पसरून बसल्याली. म्या हाकलली तिला."

बाईबद्दलचा त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

ठराव मोडला नाही. बंदी आणखी एक वर्ष वाढली. त्या दिवसापासून रापणीचा जो एक टोपलीभर वाटा विधवांना द्यायची रीत होती, तो धोंडुबाईला मिळाला नाही. तिच्या हातची सुकी मासळी कुणी घेईना. पोरं तिला बघून पळायची. चैत्र संपता संपता तिच्या अंगणातला मासळी वाळवायचा मांडव कुणीतरी पेटवला, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या, आधी ती एक गाठोडं घेऊन गोव्याच्या हद्दीकडं भाचीकडं गेली म्हणतात. भाचीनं ठेवून घेतली की नाही हे सुरूवाडीत कुणी विचारायला गेलं नाही.

*

पुढच्या थंडीत मास्तरांनी दुसरा राखणदार पाठवला. त्याला निघताना एकच गोष्ट दहादा बजावली, झाकलेल्या अंड्याला बोट लावायचं नाही. तीनशेवर पिल्लं निघाली. ओल्या वाळूवरनं उलट्या-सुलट्या पडत, लाटेनं मागं फेकली जात, शेवटी पाण्यात गेली. बघायला कोल्हापूर-सांगलीहून माणसं गाड्या करून आली. बंदी कायमची झाली. म्हणजे मास्तरांचं खरं ठरलं होतं, आणि हीच गोष्ट पिराजीला गिळता येत नव्हती. खोटं बोलून काही वाईट झालं असतं, तर ते सांगून टाकणं सोपं होतं.

वर्षभर तो म्हणत होता, सांगेन. बाळाबाईला सांगेन, मास्तरांना म्हणेन चला सुरूवाडीला, गुंडूपुढं उभा राहीन. कोंबड्या त्यानं विकल्या होत्या. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायचा. मंगळवार पेठेत मात्र जायचा, कारण कीर्तन सोडलं तर आता त्याला उभं राहायला जागाच उरली नव्हती.

चैत्रातल्या एकादशीला नरहरबुवा उभे राहिले. पूर्वरंग संपला, बुक्का-हार झाले, आणि उत्तररंगाला बुवांनी नेहमीचं पुराणातलं आख्यान न लावता समुद्र उभा केला. पिराजीला आधी कळलंच नाही. सुरूचं बन, पौषातली पहाट, वाळूतला माग. घाटावरनं गेलेला एक भोळा भक्त, आई लेकराला न्हाऊ घालील तशा मायेनं अंडी जपणारा. बुवांचा आवाज असा भिजलेला होता की बायका डोळे पुसायला लागल्या. आणि मग बुवांनी सूर खाली आणला आणि सुरूवाडीकडनं ऐकू आली होती तशी ती दुष्ट बाई आणली. देवापुढं नाक घासून शपथ घेतलेली, तरी पहाटेच्या अंधारात कुडात शिरून, एकेक जीव काळा करणारी. सभामंडपात च्-च् असा आवाज उठला. पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीनं कडाकडा बोटं मोडली.

गणपतराव खाली मान घालून बसले होते.

"आणि तो भक्त," बुवा म्हणाले, "आज ह्याच मंडपात, त्या खांबापाशी बसला आहे. उठा, पिराजी."

माणसं वळली. शे-दीडशे चेहरे, ओल्या डोळ्यांचे, मायेनं भरलेले. पिराजी खांबाला धरून उठला. आता सांगायचं, असं त्यानं मनाशी म्हटलं. हीच जागा, हाच देव. बुवांनीच तोंड उघडून दिलं आहे.

"त्या बाईचं नाव काय हो?" बुवांनी विचारलं; नाक घासायला लावताना त्यांनी ते विचारलंच नव्हतं. "पाप कुणी केलं ते लोकांना कळू दे."

पेटीचा भाता थांबला. विणेकरी थांबला. पिराजीनं विठोबाकडं पाहिलं, मग त्या सगळ्या चेहऱ्यांकडं पाहिलं. असं प्रेमानं आजवर त्याच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं, बाळाबाईनंसुद्धा नाही.

"धोंडुबाई," तो म्हणाला.

बुवांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला.

"धोंडुबाई," पिराजी मोठ्यानं म्हणाला. "सुरूवाडीची."

बुवांनी ते नाव लगेच सुरात घेतलं, मागं टाळकऱ्यांनी उचललं, आणि मग ते आख्यानात कायमचंच बसलं. बुवा त्या उन्हाळ्यात गडहिंग्लज, आजरा करत घाट उतरून खाली गेले. सावंतवाडीला लावलं, वेंगुर्ल्याला लावलं, गोव्याच्या हद्दीपर्यंत गावोगाव लावलं. जिथं जिथं लावलं तिथं तिथं ते फार रंगलं.